अंजनाच्या नावची केस

आपण गुन्हेगार आहोत हे अंजना देवकतेला दूध संघाच्या ऑफिसात कळलं. त्या वेळी तिच्या हातात चहाचा कप होता आणि तो बबनरावांनीच मागवलेला होता. बबनराव हे संघाचे व्यवस्थापक. वाईट बातमी सांगायची असली की ते आधी चहा मागवत. चांगल्या बातमीला मात्र त्यांनी कुणाला पाणीसुद्धा विचारल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"पोलिसांकडून तुमच्या चारित्र्याचा अहवाल आलाय," ते म्हणाले. "तुमच्यावर केस झालेली आहे. शिक्षापण झालीय."

"माझ्यावर?"

"अंजना म्हाळू देवकते. वस्ती, गाव, तालुका, सगळं तुमचंच. बेकायदा जमाव जमवून रस्ता अडवला. मागच्या मोठ्या दुष्काळातलं दिसतंय."

अंजनाने कप खाली ठेवला. त्या दुष्काळात ती बीडला मुलींच्या वसतिगृहात राहून नववीत शिकत होती. अडवायचं तर सोडाच, वसतिगृहाच्या फाटकाबाहेरचा रस्ता तिला नीट बघायलाही मिळत नव्हता.

"हे बघा, केस असण्याचं मला काही नाही," बबनराव म्हणाले. "केस नसलेलीच माणसं घ्यायची म्हटलं तर आमच्या संचालक मंडळाची बैठक भरायची नाही. पण तुम्ही अर्जात लिहिलंय, केस नाही म्हणून. माहिती लपवली तर नेमणूक रद्द, असा संघाचा नियम आहे. दसऱ्याच्या आत कोर्टाची सहीशिक्क्याची नक्कल आणा. ती केस तुमची नाही असं कागदावर दिसलं, तर जागा तुमची. नाहीतर मला यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल."

जागा होती दूध संकलन पर्यवेक्षकाची. गावोगावच्या डेअऱ्यांवर जायचं, दुधाचा फॅट तपासायचा, मापं बघायची. लोकांच्या दृष्टीने फार मोठी नोकरी नव्हे. पण देवकत्यांच्या घरात तिची किंमत वेगळी होती. अंजनाचे आईबाप दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात, आणि म्हाळू देवकत्याचा कोयता गेली दहाबारा वर्षं चुकला नव्हता. आता आईचे गुडघे गेले होते. मागच्या हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा आधी मोळी सावरली, मग स्वतःला. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी म्हाळूने मुकादमाला ठणकावून सांगितलं, यंदा आमचा कोयता नाही. त्रिंबक मुकादम समंजस माणूस. तो म्हणाला, "पोरीचं पक्कं होऊ द्या. दसऱ्यापर्यंत मी तुमची जागा धरून ठेवतो." म्हणजे दसऱ्याला एकतर अंजना नोकरीवर जाणार होती, नाहीतर तिची आई ट्रकमध्ये चढणार होती. तिसरा रस्ता नव्हता.

अंजना घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. खरं तर तिने चुलीपुढे बसून आईला विचारलं असतं तर सगळा उलगडा भाकर भाजून होईपर्यंत झाला असता. त्या दुष्काळात वस्तीतल्या बायका रस्त्यावर बसल्या होत्या, हे तिने उडत उडत ऐकलंही होतं. पण शिकलेली पोर पडली. तिला आधी कागद बघायचा होता. शिवाय आईच्या जिवाला घोर नको, असाही एक चांगला विचार त्यात होता. चांगले विचार माणसाला किती हेलपाटे घालायला लावतात, त्याला हिशेब नाही.

पहिल्यांदा तिने मोबाइलवर कोर्टाच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव घालून बघितलं. नाव निघालं. केसचा नंबर निघाला, वर्ष निघालं, आणि पुढे एकच शब्द, निकाली. स्वतःचं नाव सरकारच्या विरुद्ध लिहिलेलं बघून तिला घाम फुटला. मग ती ज्या ठाण्यात गुन्हा नोंदवला होता तिथे गेली. तिथला हवालदार बदलून आलेला नवा माणूस होता. त्याने सांगितलं की कागद कोर्टात गेले, आणि जे कोर्टात गेलं ते आमच्यासाठी मेलं.

मग नेकनूरहून बीडची एसटी धरणं सुरू झालं. कोर्टाच्या आवारात मागच्या अंगाला नक्कल विभागाची खिडकी होती आणि खिडकीच्या आत कादरीसाहेब बसत. दाढी पांढरी, चष्मा कपाळावर, आणि आवाज असा की लाउडस्पीकर लाजावा. नक्कल तयार झाली की ते जागेवरून न उठता अर्जदाराचं पूर्ण नाव पुकारत. तीनदा पुकारायचं, आणि तिसऱ्या हाकेला माणूस उठला नाही तर कागद परत खणात. बाकावर बसलेले लोक आपलं नाव आलं की धडपडत उठत, जणू उशीर झाला तर दुसराच कुणी ते नाव घेऊन जाईल.

"निकाली केसची नक्कल पाहिजे," अंजना म्हणाली.

"पक्षकार आहात का?"

यावर काय उत्तर द्यावं ते तिला कळेना. हो म्हणावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं, नाही म्हणावं तर नक्कल कोण देणार? "माझ्या नावाने केस आहे," ती शेवटी म्हणाली.

"मग पक्षकारच की. अर्ज लिहा, तिकीट लावा." कादरीसाहेबांनी अर्ज घेतला, वर्ष वाचलं आणि मान हलवली. "बाई, इतक्या छोट्या केसचे कागद आम्ही ठेवत नाही. मुदत झाली की नाश करायच्या यादीत जातात. बघतो, पण आस धरू नका."

अंजनाच्या तोंडचं पाणी पळालं. शिक्षा झाल्याची नोंद कायम राहणार आणि ती कुणाला झाली हे सांगणारे कागद रद्दीत जाणार, असला न्याय तिने ऐकला नव्हता. ती पुन्हा गेली तेव्हा कादरीसाहेब रजेवर होते. त्याच्या पुढच्या खेपेला ते होते, पण अभिलेख कक्षाची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस नव्हता. त्याच्याही पुढच्या खेपेला कादरीसाहेबांनी तिला बघून चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "नशीब काढलंत. नाश करायची यादी झालेली आहे, पण तिच्यावर सही व्हायची राहिली. कागद आहेत."

सरकारी कामातल्या दिरंगाईबद्दल अंजना आजवर पुष्कळ वाईट बोलली होती. त्या दिवशी तिने ते सगळं मनातल्या मनात मागे घेतलं.

दुपारी कादरीसाहेबांनी तिचं नाव पुकारलं. नक्कल घेऊन ती आवारातल्या लिंबाखाली बसली आणि वाचू लागली. पोलिसांचं म्हणणं होतं की दुष्काळाच्या साली, भर उन्हाळ्यात, आरोपी बायकांनी नेकनूरच्या रस्त्यावर सुमारे दोनशे मेंढ्या बसवल्या आणि स्वतःही बसल्या, त्यामुळे वाहतूक अडली. मग आरोपींची नावं. भिवराबाई, सावित्रीबाई, बायनाबाई, सगळ्या वस्तीतल्याच. त्यांच्या खाली एका ओळीत लिहिलं होतं, "सिदूची माय, वय अंदाजे चाळीस." बाईने जसं सांगितलं तसं लिहून हवालदार मोकळा झालेला दिसत होता. आणि त्याच्या खालच्या ओळीत होतं, "अंजना म्हाळू देवकते, वय पस्तीस, धंदा मेंढपाळ."

वय पस्तीस. अंजनाने ती ओळ पुन्हा वाचली, मग वरची सिदूची माय पुन्हा वाचली. मग तिने पानं उलटली. शेवटी कबुलीजबाबाखाली तिच्या नावापुढे अंगठा होता. तो अंगठा बघून तिच्या लक्षात यायचं ते आलं. वस्तीवर, बाजारात, डेअरीवर, तिच्या आईला सगळे एकाच नावाने ओळखत. अंजनाची माय.

घरी पोचली तेव्हा आई अंगणात बसून गुडघ्याला तेल चोळत होती. तिचं नाव दगडाबाई. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं, आणि पोरगी जगली. पण लग्नानंतर त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नाही. म्हाळू सुद्धा तिला "अगं ए" म्हणायचा, नाहीतर "अंजनाचे माय".

"माय, तू कोर्टात गेलतीस का कधी?"

"गेलते की," दगडाबाई म्हणाली. "एक डाव. कावून?"

इतके हेलपाटे, इतकी तिकिटं, आणि उत्तर असं तेलाच्या वाटीशेजारी पडलेलं. अंजना मटकन खाली बसली.

"मला कधी बोलली न्हाईस!"

"तू साळंत व्हतीस. तुला कावून सांगायचं?" मग दगडाबाईने सांगायला सुरुवात केली, आणि तिच्या आवाजात लाज नव्हती हे अंजनाच्या ध्यानात आलं. "लई वंगाळ साल व्हतं ते. सोसायटीनं जनावराची छावनी काढली. गाई घेतल्या, म्हशी घेतल्या. आमी मेंढ्या घेऊन गेलो तर म्हनले, मेंढरं बसत न्हाईत छावनीत, तसा हुकूम न्हाई. मेंढरं काय दगडं खातेत का? म्हनलं, छावनीत बसत न्हाईत तर रस्त्यावर बसवू. बापे मानसं मागं उभी ऱ्हायली. आमी बाया बसलो."

"आन् हवालदार आला."

"आला. नाव इचारलं. मी म्हनलं, अंजनाची माय. त्यानं लिवलं. मंग म्हनला, नवऱ्याचं नाव सांग. आता मी कसं घेऊ नाव? तर शेजारून भिवराबाई बोलली, म्हाळू देवकते म्हना. झालं."

"आन् कोर्टात?"

"कोर्टात त्या पट्टेवाल्यानं पुकारलं, अंजना म्हाळू देवकते. कुनी उठंना. भिवराबाईनं मला ढोसलं, अगं तुलाच बोलिवतेत. उठले. मला वाटलं, हितं बी आपल्याला पोरीच्याच नावानं बोलिवतेत. सगळेच बोलिवतेत, कोर्टानं बोलिवलं तर काय बिघडलं? साहेबानं इचारलं, गुन्हा कबूल हाय का. म्हनलं हाय."

"कबूल कावून म्हनलीस गं?"

"मंग काय म्हनू? बसले तर व्हते रस्त्यावर!" दगडाबाईला हा प्रश्नच कळला नाही. "आन् वकील म्हनला, कबूल करा, आजच मिटतंय, न्हाई तर तारखा पडतील. मेंढरं तवर इकली व्हती. पहिल्यांदाच कोयता घेतलता, दुसऱ्या दिशी गाडी निघायची व्हती तोडीला. तारखा कोन करनार? सगळ्यांनीच म्हनलं कबूल. मंग कोर्ट उठंस्तवर बसून ऱ्हायची शिक्षा दिली. दिसभर पंख्याखाली बसवलं. त्या साली तेवढाच काय तो इसावा."

अंजनाला हसावं की रडावं कळेना. ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आदल्या दिवशी वस्तीने कोर्टात काय काय कबूल केलं असेल, कुणास ठाऊक. गाडी चुकण्यापेक्षा गुन्हा स्वस्त पडतो, हा इकडचा हिशेब वर्षानुवर्षं चालत आलेला.

दुसऱ्या दिवशी ती नक्कल घेऊन विठ्ठलराव वकिलांकडे गेली. सगळ्या बायकांना कबूल करायला लावणारे ते हेच. आता त्यांना ती केस आठवतही नव्हती, पण कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. "वयावरून ती तुम्ही नाही, हे दिसतंय. पण संघ विचारणार, मग ही कोण? वस्तीवर या नावाची दुसरी कुणी नाही. सरळ मार्ग एकच. आईने कोर्टात अर्ज करायचा की ती मी आहे, नाव दुरुस्त करा."

"मग करू की."

"करा. पण दुसऱ्याच्या नावाने कोर्टात उभं राहणं, अंगठा देणं, ही साधी गोष्ट नाही. समजून घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर तुमच्या आईवर नवी केस, आणि ती पंख्याखाली बसून मिटायची नाही. हमी मी देत नाही."

परतीच्या एसटीत अंजनाने विचार केला आणि नेकनूर येईपर्यंत तो पक्का झाला. घरी जाण्याआधी ती त्रिंबक मुकादमाच्या दारात थांबली. "देवकत्यांचा कोयता धरा," ती म्हणाली. "पण आबांबरोबर मी येणार. माय येणार न्हाई." त्रिंबक तिच्याकडे बघत राहिला. पदवीपर्यंत शिकलेली पोर कोयत्याला आल्याचं त्याने पाहिलं नव्हतं असं नाही. पण हिच्या बाबतीत त्याला वाईट वाटलं, आणि त्याने तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी तिने आईबापांना सगळं सांगितलं. संघाचा नियम, वकिलाची भीती, आणि आपण ठरवलेलं. तिला वाटलं होतं आई रडेल. म्हाळू तर लगेच डोळे पुसू लागला आणि आपल्या वैऱ्यांची नावं घेऊ लागला, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. दगडाबाई मात्र रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हंजी ती केस तुज्या नावावर हाय?" ती म्हणाली.

"तेच तर सांगते कवाधरून."

"माज्या न्हाई?"

"न्हाई."

"अगं, पर रस्त्यावर मी बसले!" दगडाबाईचा आवाज चढला. इतक्या मोठ्याने ती घरात कधी बोलत नसे. "उन्हातानाची, मेंढरं घेऊन, मी बसले. ट्रकवाल्यानं अंगावर गाडी घातली तर मी हालले न्हाई. शिक्षा मी भोगली. आन् लिवलं तुज्या नावावर? रान ह्यांच्या नावावर. घर ह्यांच्या नावावर. रेशनचं कार्ड ह्यांच्या नावावर. दुधाचं खातं तुज्या. जन्मात एक डाव सरकारसमोर उभी ऱ्हायले, ते बी माजं न्हाई का?"

म्हाळूने डोळे पुसायचं थांबवलं. अंजनाला एकदम वाटलं की ती इतके दिवस जो डाग पुसायला धावत होती, तो आईचा दागिना होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"माय, न्यायाधीशानं उलटं धरलं तर?"

"धरू दे. माजी केस हाय, मी जाईन," दगडाबाई म्हणाली. "आन् त्या त्रिंबकला सांग, तुजा कोयता काढून टाक म्हनावं."

अर्ज दाखल झाला. नवरात्र बसलं होतं. न्यायाधीश नव्या होत्या, तरुण होत्या आणि घाईत होत्या. दगडाबाईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. म्हाळू डोक्याला पटका बांधून मागच्या बाकावर बसला, आणि आपल्यालाच शिक्षा होणार असल्यासारखा अंग चोरत राहिला. अंजना आईच्या शेजारी उभी होती. आपली नोकरी आता तिच्या मनात कुठच्या कुठे मागे पडली होती. आई आज संध्याकाळी आपल्याबरोबर एसटीत असेल ना, एवढंच ती धरून बसली होती.

"तेव्हा तुम्ही पोलिसांना खोटं नाव सांगितलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"न्हाई साहेब. मी नाव सांगितलंच न्हाई. मला नावानं कुनी हाक मारीतच न्हाई. मी म्हनलं, अंजनाची माय. त्यांनी माय काढून टाकली, पोरगी ठिवली."

विठ्ठलरावांनी पुढे होऊन सिदूच्या मायची ओळ दाखवली. न्यायाधीशांनी ती वाचली. त्यांच्या ओठांवर काहीतरी येऊन गेलं.

"आणि कोर्टात पुकारलं तेव्हा?"

"मुलीच्या नावानं सगळेच बोलिवतेत, साहेब. म्हनलं कोर्ट बी बोलिवतंय."

"रस्ता तुम्ही अडवला होता?"

"व्हय."

"आता दुरुस्ती केली तर शिक्षेची नोंद तुमच्या नावावर येईल. कळतंय ना? कायमची."

"तेच तर पाहिजे," दगडाबाई म्हणाली. मागे कुणीतरी हसलं. पट्टेवाल्याने त्याच्याकडे डोळे वटारले.

न्यायाधीशांनी पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा."

"दगडाबाई."

"पुढे?"

दगडाबाई थांबली. तिने पदर सारखा केला. आयुष्यात ते नाव तिने फक्त लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. तिने मागे वळून बाकाकडे बघितलं. तिथे म्हाळू डोळे फाडून तिच्याकडे बघत होता. अंजनाला राहवलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी सांगते, वडलांचं नाव..."

"तुम्ही नका सांगू," न्यायाधीश म्हणाल्या. "मागच्या वेळी दुसऱ्यांनीच सांगितलं म्हणून एवढं झालं. त्यांना सांगू द्या."

कोर्टात पंख्याचा आवाज येत राहिला. बहुधा तोच पंखा असावा.

"दगडाबाई म्हाळू देवकते," दगडाबाई म्हणाली. एका दमात, खणखणीत, आणि मग पदराने तोंड झाकून घेतलं. मागच्या बाकावर म्हाळूची मान खाली गेली आणि त्याचे कान लाल झाले. भर कोर्टात बायकोने नाव घेतलेला नवरा कुठे बघतो, ते बाकीच्यांनी बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

न्यायाधीशांनी लिहिलं. फसवण्याचा हेतू दिसत नाही, नोंदीतली चूक दुरुस्त करावी. नवी केस नाही, काही नाही. अंजनाचा जीव भांड्यात पडला आणि तिला तिथेच रडू आलं. विठ्ठलराव वकील आपलं अगदी पहिल्यापासून हेच म्हणणं होतं अशा चेहऱ्याने बाहेर पडले.

आता राहिली नक्कल. दसरा तोंडावर आला होता, पण कादरीसाहेबांनी घाई समजून घेतली आणि दुपारनंतर थांबा म्हणाले. तिघंही नक्कल विभागासमोरच्या बाकावर बसले. अंजनाने मोबाइलवर बबनरावांना कळवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं, या उद्या, आणि चहाचा शब्दही काढला नाही. तेव्हा नोकरी पक्की झाल्याचं तिने ओळखलं. म्हाळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. बायकोच्या इतक्या जवळ बसायला त्याला आज लाज वाटत होती.

खिडकीत शिक्का आपटल्याचा आवाज आला. मग कादरीसाहेबांचा आवाज सगळ्या आवारात घुमला.

"दगडाबाई म्हाळू देवकते!"

लिंबाखालचे लोक वळले. अंजना उठली. आई उठली नाही. तिला ऐकू आलं नसेल असं वाटून अंजनाने तिच्या खांद्याला हात लावला. दगडाबाई समोर बघत ताठ बसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

"दगडाबाई म्हाळू देवकते!" दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा मोठी.

"माय, ऊठ. तिसऱ्याला उठलं न्हाई तर कागद परत ठेवतेत."

"ठाव हाय," दगडाबाई म्हणाली. तिने अंजनाचा हात धरून तिला खाली बसवलं. "थांब गं जरा. अजून एक डाव म्हनू दे त्याला."